हळदीकुंकवाची शेकर कार्डं : सितारे हलत नाहीयेत, मदत करा!

राजवाडा_रोड
नमस्कार मंडळी. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाणाबरोबर हाताने केलेलं शेकर कार्ड द्यायचं ठरवून बसलेय. काळं कार्ड, खिडकीत पांढरे मणी म्हणजे हलवा, वर सॅटिनची रिबीन. ज्यांनी बघितलं नाहीये त्यांच्यासाठी सांगते, कार्डाच्या पुढच्या भागाला खिडकी कापायची, तिला आतून पारदर्शक प्लास्टिक लावायचं, त्यामागे फोम टेपची भिंत उभी करायची आणि त्या पोकळीत सितारे-मणी भरून मागून बंद करायचं, मग कार्ड हलवलं की आतलं सगळं खुळखुळतं.
एक नमुना केला, तर निम्मे सितारे प्लास्टिकला वरच चिकटून बसलेत. हलवा, आपटा, टिचक्या मारा, ढिम्म. बाजूने चमकी गळतेय ती वेगळीच, अख्खं डायनिंग टेबल चमकून राहिलंय. कोणी केलीत का अशी कार्डं? सामान इंदुरात मिळेल की ऑनलाइन किट मागवू? पंचवीस-तीस बायका येतात आमच्याकडे.

कागदकात्री
किट अजिबात मागवू नकोस गं. त्यात चार कार्डांपुरता माल असतो आणि भाव खोकंभर सामानाचा.
चिकटण्याचं सांगते. हे स्थिर विजेचं काम आहे, फुगा केसांवर घासला की भिंतीला चिकटतो तेच. आपल्याकडे थंडीत हवा कोरडीठाक, म्हणून आत्ता जास्त छळतं. हेच कार्ड श्रावणात केलं असतंस तर एवढा ताप झाला नसता, दमट हवेत तो चार्ज टिकत नाही. उपाय घरातच आहे, साधी टाल्कम पावडर. मेकअपचा मऊ ब्रश घे, चिमूटभर पावडर प्लास्टिकच्या आतल्या बाजूवर हलक्या हाताने फिरव आणि जास्तीची कोरड्या मलमलच्या चिंधीने पुसून टाक, नाहीतर खिडकी धुरकट दिसते. फोम टेपच्या आतल्या कडेवरूनही तोच ब्रश फिरव, कारण ती कडसुद्धा चिकट असते आणि बराचसा माल तिथेच अडकतो. मात्र हे सगळं टेपचा वरचा कागद सोलायच्या आधी, टेपच्या डिंकावर पावडर बसली की मागचं कार्ड धरणारच नाही. आणि तुझं कार्ड काळं आहे ना, मग पावडरीचं काम वेगळ्या कागदावर कर, काळ्यावर एकेक बोट उमटतं.

जिरावन
पावडर नसेल तर कॉर्नफ्लॉर पण चालतं.

कटदाना
गळतीचं मी सांगते, त्यातच सगळ्यात जास्त कार्डं वाया जातात. चमकी फटीतून जाते आणि फट नेहमी कोपऱ्यात असते, जिथे टेपचे दोन तुकडे भेटतात तिथे. चौकोनी खिडकीला एक तुकडा दुसऱ्याच्या पोटाला टेकवायचा, टोकाला टोक लावायचं नाही, आणि लावून झालं की नखाने दोन्ही एकमेकांकडे दाबायचे. खिडकी गोल असेल तर काही जणी बाहेरून सरळ चौकोनच लावून मोकळ्या होतात, दिसत नाही ना म्हणून. मग होतं काय की सितारे त्या चार कोपऱ्यांत जाऊन लपतात आणि खिडकी रिकामी. गोलाला आठ छोटे तुकडे लाव, अष्टकोन कर, आणि खिडकीच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर बाहेर ठेव म्हणजे टेप समोरून दिसत नाही.
गोल काढायला बांगडी घे. सव्वादोनच्या बांगडीचा आतला गोल बरोब्बर ५.७ सेंटीमीटर भरतो, हाताएवढ्या कार्डाला तेवढी खिडकी शोभते.

राजवाडा_रोड
बांगडी!! हे भारी आहे, माझ्याकडे आईच्या सव्वादोनच्या पडूनच आहेत. कार्डाचा साइज काय धरू पण? आणि टेप कुठली, स्टेशनरीतली फार पातळ वाटतेय.

कागदकात्री
२५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कार्डशीट घे, त्याहून पातळ नको, खिडकी कापल्यावर पुढचा भाग लुळा पडतो. ए-फोरचा कागद मधोमध कापायचा आणि प्रत्येक अर्धा दुमडायचा, झालं साधारण १०.५ बाय १४.८ सेंटीमीटरचं कार्ड. एका शीटमध्ये दोन. खिडकीचा पुढचा तुकडा वेगळा काप, दोन्हीकडून पाव-पाव सेंटीमीटर लहान, म्हणजे मागच्या कार्डाची किनार दिसते आणि थोडं वाकडं कापलं गेलं तरी खपून जातं 😄
दुमडायच्या आधी संपलेल्या बॉलपेनने स्टीलची पट्टी धरून रेघ ओढ, मग घडी घाल. थेट दुमडलं तर ३०० जीएसएमला तडे जातात, काळ्या कागदावर तर पांढरी चीर लगेच दिसते कारण बऱ्याच काळ्या शीटांचं पोट पांढरंच असतं. घेताना कोपरा फाडून बघ, आतपर्यंत काळा आहे का ते.
टेपचं म्हणशील तर हार्डवेअरच्या दुकानात जा. आरसे, नेमप्लेटा चिकटवायला जी दोन्ही बाजूंनी चिकट फोम टेप असते ती. जाडी बघून घे, आत नुसते सितारे असतील तर १ मिलिमीटर पुरते, पण तुला हलव्यासाठी मणी भरायचेत. २ मिलिमीटरचा मणी १ मिलिमीटरच्या पोकळीत हलणार कसा? तिथे ३ मिलिमीटरची टेप नाहीतर पातळ टेपचे थर. मला तर वाटतं तुझ्या नमुन्यात थोडं हेच झालं असणार, पावडरीच्या आधी हे बघ.

राजवाडा_रोड
१ मिलिमीटरचीच आहे टेप 🙈

मालव्यातली_मावशी
लहानपणी आमच्याकडे संक्रांतीला पुण्या-मुंबईहून पाकिटं यायची. छापील छोटं कार्ड, तिळगूळ घ्या गोड बोला, आणि आत कागदाच्या चिमुकल्या पुडीत पाच-दहा दाणे हलव्याचे. पोस्टमनने पाकीट हातात दिलं की आम्ही आधी कानाशी नेऊन हलवून बघायचो, हलवा आहे का नुसतंच कार्ड. बऱ्याचदा पीठ झालेलं असायचं त्याचं वाटेत, तरी खायचो. तेव्हा तुमचं हे शेकर कार्ड काही फार परदेशी नाही हो.

जिरावन
भिया मग खरा काटेरी हलवाच भरा ना खिडकीत! दाखवायला पण मस्त आणि नंतर फोडून खायला पण.

कटदाना
नका करू. हलवा म्हणजे वरून नुसती साखर, थंडीत कोरडा असतो तोवर ठीक, जरा दमट हवा लागली की काटा बसतो, दाणे एकमेकांना चिकटतात, आणि मुंग्यांना फोम टेपची भिंत म्हणजे काहीच नाही. आणि टेपच्या डिंकाला, पावडरीला लागलेलं परत कोणी खाऊ नये. तीळ पण नकोत, तेल सुटून कागदावर डाग पडतात. साबुदाणा, राजगिरा, मोहरी हे सगळं लोक सुचवतात, पण काही महिन्यांनी त्यात किडे निघाले की कार्डासकट कचऱ्यात. पांढरे काचेचे बारीक मणी घ्या, अगदी हलव्यासारखे दिसतात, पोत ओवायला वापरतात ते. मोत्याच्या रंगाचे नकोत, दुधी पांढरे मागा.

मालव्यातली_मावशी
हलवा पाकिटाबाहेर द्या, कार्डाला रिबिनीने पुडी बांधा. दोन्ही साधतं.

राजवाडा_रोड
मावशी हे बेस्ट. रिबिनीचा प्रश्न पण सुटला, ती नुसती शोभेला कुठे लावू कळत नव्हतं.

सुकाकचरा
विचारतो, राग मानू नका. तीस कार्डं, प्रत्येकात प्लास्टिकची खिडकी, प्लास्टिकचा फोम, प्लास्टिकचे सितारे, वर पॉलिस्टरची रिबीन. बायका घरी नेणार, आठ दिवस टीव्हीजवळ ठेवणार आणि मग? २०१७ ला इंदूरचा स्वच्छतेत पहिला नंबर आल्यापासून आपण सगळ्यांना ओला-सुका शिकवतो, तर हे कार्ड कुठल्या डब्यात जाणार ते सांगा. कागद प्लास्टिकला चिकटलेला, सुटा करता येत नाही. चमकी तर केर काढताना मोरीत जाते. त्यापेक्षा वाण म्हणून एक स्टीलची वाटी द्या, पिढ्यानपिढ्या चालते.

जिरावन
दादा स्टीलच्या वाट्या माझ्या आईकडे इतक्या झाल्यात की आता दुकान टाकता येईल.

परदेशी_पोहे
सुकाकचरा यांचा मुद्दा मस्करीत घालवू नका. मी मूळची इंदूरच्या रामबागची, सध्या जर्मनीत. इथे युरोपियन युनियनने १७ ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी घातली, मायक्रोप्लास्टिक म्हणून. इथल्या क्राफ्टवाल्या बायकांनी आधी खूप आरडाओरडा केला, मग हळूहळू कागदावर आल्या. आणि खरं सांगते, शेकर कार्डात चमकी नसलेलीच बरी. ती सगळ्यात जास्त चिकटते, सगळ्यात जास्त गळते, आणि हलवल्यावर पडताना दिसतसुद्धा नाही, नुसती खिडकी मळकट करते.
पंचिंग मशीन आहे ना घरात, फायलींना भोकं पाडायचं? त्याच्या पोटातले गोल तुकडे भरा. रंगीत कागद पंच करा, जुन्या लग्नपत्रिकांचा सोनेरी कागद तर फारच छान दिसतो. पत्रिकेचा कागद जाड असतो म्हणून तुकडे सुटसुटीत पडतात, पतंगाचा पातळ कागद घेतला तर हवेवर तरंगत राहतो आणि काचेला डसतो.

कागदकात्री
+१. आणि खिडकीला नवीन प्लास्टिक विकत घ्यायची गरज नाही. शर्टाच्या खोक्याचं पारदर्शक झाकण, साडीच्या बॉक्सची खिडकी, मिठाईच्या डब्याचं झाकण, सगळं चालतं, फक्त घडी आणि ओरखडा नको. नाहीतर ओएचपी शीट, म्हणजे प्रोजेक्टरची पारदर्शक शीट, साधारण १०० मायक्रॉनची येते. लॅमिनेशनचा रिकामा पाउच मशीनमधून काढून पण करतात, पण तो किंचित ढगाळ दिसतो, मला नाही आवडत.

सुकाकचरा
हे पटलं. भिंत पण पुठ्ठ्याची करा मग. बुटाच्या खोक्याच्या पट्ट्या कापून दोन थर चिकटवले की ३ मिलिमीटर सहज होतात.

कटदाना
होते, मी केलीय. अर्धा सेंटीमीटर रुंद पट्ट्या, वर-खाली डबल टेप. वेळ जास्त लागतो पण एक फायदा, आतली कड चिकट नसते, पावडरीचं काम निम्मं होतं. फेविकॉल मात्र नको, त्यात पाणी असतं, पुढचा कागद फुगून वाकडा होतो आणि वाळेपर्यंत वजन ठेवत बसा. आणि कोणी थर्माकोलचं सुचवायच्या आधीच सांगते, सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. थर्माकोलचे ते बारीक गोळे बर्फ म्हणून भरतात नाताळच्या कार्डात, ते तर स्थिर विजेचे बापच आहेत, एकही खाली पडत नाही.

परदेशी_पोहे
आता माझा स्वार्थ. संक्रांत झाली की लगेच रंगपंचमीचं कार्ड कोणी करणार का? मला इथल्या ऑफिसमध्ये गेर, म्हणजे आपली इंदूरची रंगपंचमीची मिरवणूक, दाखवायचीय. व्हिडिओ दाखवले तर म्हणतात दंगल आहे का 😅 डोक्यात असं आहे की पुढच्या कागदावर इंदूरचा राजवाडा आणि आत गुलाल, हलवला की उडणार. पण खरा गुलाल भरावा का?

कागदकात्री
खरा गुलाल भरलास तर एकदा हलवल्यावर खिडकी गुलाबी होईल ती कायमची. कुठलीही पूड शेकरमध्ये चालत नाही. गुलाल मागच्या कागदावर रंगव, कोरड्या खडूने, म्हणजे चॉक पेस्टल बोटाने पसरवून, आणि त्यावर त्याच रंगांचे पंच केलेले तुकडे सोड. मागचा धूसर रंग आणि पुढे उडणारे ठिपके, दोन्ही मिळून गुलालच वाटतो. पेस्टलवर मात्र फिक्सेटिव्ह, म्हणजे रंग धरून ठेवणारा स्प्रे, मार आणि पूर्ण वाळू दे, नाहीतर तेही उडून काचेला लागेल.
राजवाड्याचं असं कर, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी आहेत, तर खाली राखाडी कागद आणि वर खाकी. सगळ्या खिडक्या कापत बसू नकोस, वेड लागेल. फक्त मधल्या मोठ्या दरवाज्याची कमान काप आणि तीच तुझी शेकरची खिडकी. बाकी खिडक्या काळ्या पेनने. गेरमध्ये ते मिसाइलवाले यंत्राने रंग वर उडवतात तसे दोन-तीन फवारे पण काढ रंगाचे, गच्चीच्या वर.

परदेशी_पोहे
अगं काय डोकं आहे तुझं. कमानीतून गुलाल!! आजच करायला घेते.

जिरावन
पावसाळ्याचं माझ्याकडून. पाताळपाणीचा धबधबा करा. काळा-हिरवा डोंगर, मधे उभी लांब खिडकी, आत कटदाना, तो नळीसारखा लांबट मणी असतो ना. कार्ड उलटं करून सरळ केलं की धबधबा पडतो. खिडकी अरुंद ठेवा, दोन सेंटीमीटर, रुंद केली तर नुसता ढीग दिसतो तळाशी.

कटदाना
माझ्या नावाचा मणी सुचवल्याबद्दल आभार 😂 पण बरोबर आहे. त्यात निळे-पांढरे सितारे थोडेसेच घाला, ते सावकाश पडतात आणि कटदाना भस्सकन पडतो, तो फरक छान दिसतो. आणि लोक भरतात किती ते पण बघा, खिडकी निम्मी भरली की काहीच हलत नाही. सव्वादोनच्या गोलाला चहाचा अर्धा चमचा म्हणजे डोक्यावरून पाणी.

मालव्यातली_मावशी
दसऱ्याला आपट्याची पानं करा की. बदामाचा पंच मिळतो तो सोनेरी कागदावर मारायचा, बदाम उलटा धरला की आपट्याचं पान. मधून नखाने एक घडी दाबली की झालं. सोनं लुटल्यासारखं वाटेल.

राजवाडा_रोड
मावशी तुम्ही कुठे होतात इतके दिवस! बरं मंडळी, उद्या सामान आणायला जातेय. कागद खजुरी बाजारातून घेते, रिबीन आणि मणी मारोठिया बाजारात बघते. रिबीन किती रुंद घेऊ? आणि टोकं सुटतात त्याचं काय करायचं?

कागदकात्री
पाव इंची घे, फार तर अर्धा. एक इंचीचा बो या साइजच्या कार्डावर बोजड दिसतो, पाकिटात जात नाही आणि गाठ थेट खिडकीवर दाबते. सॅटिनची रिबीन पॉलिस्टरची असते, टोक तिरकं कापून मेणबत्तीच्या ज्योतीच्या बाजूने, वरून नव्हे, नुसतं जवळून ने, कड वितळून बसते. पिवळी किंवा पांढरी घेतलीस तर ज्योतीत काळी पडते, जरा लांब धर. सुती नाडी किंवा गोटा घेणार असशील तर हे करू नकोस, ते जळतं, त्याच्या टोकाला पारदर्शक नेलपॉलिश लाव.
गाठ खिडकीच्या खाली ठेव. रिबीन पुढच्या तुकड्याभोवती आधी गुंडाळायची, दोन्ही टोकं मागे डबल टेपने दाबायची आणि मग तो तुकडा कार्डावर बसवायचा. बो वेगळा करून नंतर चिकटव. पूर्ण कार्डाभोवती बांधलंस तर उघडताना दरवेळी सोडावी लागेल. मावशींची हलव्याची पुडी त्या बोखालीच अडकव.

सुकाकचरा
सुती नाडीच घ्या. काळ्यावर पांढरी नाडी, रंग पण जुळतो.

राजवाडा_रोड
घेते दादा, नाडी घेते. 🙏 काळ्यावर लिहायला पांढरं जेल पेन आहे. आता शेवटचं, भरायचं कुठून? मी आत्तापर्यंत मागच्या कार्डावर ढीग करून वरून खिडकी ठेवत होते.

कटदाना
त्यात सगळं टेपवर उडतं. उलटं कर. खिडकीचा तुकडा पालथा ठेव, त्यावर टेपची भिंत झालीच असेल, आता ती छोटी ताटली झाली बघ. त्यात मणी सोड. मग टेपचा कागद सोल, पण सोलताना झटका बसून मणी उडतात म्हणून भरायच्या आधीच प्रत्येक तुकड्याचं टोक थोडं सोलून बाहेर दुमडून ठेव, म्हणजे नंतर नुसतं ओढायचं. मणी टेपवर चढले असतील तर चिमट्याने उचल. आणि मागचं कार्ड वरून सरळ खाली आण, तिरकं आणून सरकवू नकोस, फोम टेप एकदा धरली की सुटत नाही.

राजवाडा_रोड
(दोन दिवसांनी) झालं!! ३ मिलिमीटरची टेप आणि पावडर. मणी पहिल्याच झटक्याला पडले, एकही वर राहिला नाही. पंच केलेले सोनेरी तुकडे पण घातले थोडे, जुन्या पत्रिकेचे. घरात सगळे येता-जाता हलवून बघतायत. एकच अडचण, तयार पाकिटात कार्ड जात नाहीये. आणि दोन कार्डं पोस्टाने ग्वाल्हेरला पाठवायचीत माझ्या सख्ख्या मावशीकडे.

कागदकात्री
तयार पाकीट सपाट कार्डाच्या हिशेबाने असतं. घरीच कर, लांबी-रुंदीला एकेक सेंटीमीटर जास्त धर आणि बाजूला अर्धा सेंटीमीटरची भिंत दुमड, पातळ डब्यासारखं. हाताने द्यायचीत त्यांना पाकीट नकोच, ट्रेमध्ये उभी लावून ठेव, छान दिसतील.
पोस्टाच्या दोनला दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लाव आणि कुरियरचा आलेला बबलरॅप असेलच घरात, तो गुंडाळ. साध्या पाकिटात टाकलंस तर वरून शिक्का बसतो तो नेमका खिडकीवर. स्पीड पोस्ट कर, काउंटरवर हातात दे. आणि हलव्याची पुडी त्यात वेगळी ठेव, बोखाली नको, दाबली जाईल.

मालव्यातली_मावशी
पीठ झालं तरी खातील गं. पाठव तू.